बॅगपाइपच्या ट्यून्स पाठ कशा करायच्या आणि कार्यक्रमासाठी स्वतःचा साठा कसा उभा करायचा

बॅगपाइपवाल्याला समोर कागद ठेवून वाजवायची सोय नसते. निम्म्या वेळा आपण चालत असतो, परेडला नाहीतर नवरा-नवरीच्या पुढे, बाहेर वारा असतो, स्कॉटलंडमध्ये तर पाऊसही असतोच, आणि दोन्ही हात, तोंड, डावी काख सगळं एकाच वेळी कामाला लागलेलं असतं. त्यात हे वाद्य असं की मध्ये श्वास घ्यायला स्वर थांबत नाही, बॅगेत हवा आहे तोवर चँटर (बोटांनी वाजवायची भोकांची नळी) आणि तिन्ही ड्रोन (एकच स्वर धरून ठेवणाऱ्या नळ्या) वाजतच राहणार, म्हणजे पुढचा बार (तालाचं एक आवर्तन) आठवला नाही तर ती अडचण सगळ्या मैदानाला ऐकू जाते. म्हणून बॅगपाइपमध्ये साठा वाढवणं आणि पाठ करणं ही दोन वेगळी कामं नाहीत, जी ट्यून झोपेतून उठवल्यावर वाजवता येते तीच आपली, बाकीच्या फक्त ओळखीच्या.

मी ग्लासगोत राहतो आणि इथल्या एका लोकल बँडमध्ये वाजवतो. मला बरेच मराठी लोक विचारतात, कुणाची मुलगी तिकडे शाळेच्या पाइप बँडमध्ये असते, कुणी पलटणीतून रिटायर होऊन आता लग्नात वाजवायचं म्हणतं, कुणी कॅनडात नव्याने शिकायला लागलेलं असतं, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच की ट्यून्स येतात पण ऐनवेळी सुटतात, काय करू. तर हे त्यांच्यासाठी. प्रॅक्टिस चँटरवर, म्हणजे सरावाच्या बिनबॅगेच्या नळीवर, बोटं बसलेली आहेत, डबलिंग, ग्रिप, थ्रो ऑन डी, बर्ल हे अलंकारांचे प्रकार हळू का होईना स्वच्छ येतात असं मी धरून चालतोय.

पहिली गोष्ट म्हणजे आवडल्या म्हणून ट्यून्स गोळा करू नका, प्रसंग बघून निवडा. लोक पाइपरला बोलावतात ते ठरलेल्या कामांसाठी. लग्नात पाहुणे येताना, जोडपं बाहेर पडताना आणि जेवणाच्या टेबलाकडे जाताना. अंत्यविधीला. २५ जानेवारीला कवी रॉबर्ट बर्न्सच्या आठवणीत होणाऱ्या बर्न्स नाइटला हॅगिसची (मेंढीच्या मांसाच्या स्कॉटिश पदार्थाची) थाळी वाजत-गाजत आत आणायला, तिथे बहुतेक जण ‘अ मॅन्स अ मॅन फॉर अ’ दॅट’ वाजवतात. ३१ डिसेंबरला ‘ऑल्ड लँग साइन’. नोव्हेंबरात युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनाला युद्धस्मारकापाशी. एका वहीत हे प्रसंग लिहा आणि प्रत्येकापुढे दोन-तीन ट्यून्स, बस, सुरुवातीला एवढंच. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, ‘फ्लॉवर्स ऑफ द फॉरेस्ट’ हा १५१३ च्या फ्लॉडनच्या लढाईत पडलेल्यांसाठीचा शोकसूर आहे आणि पाइपर लोक तो चारचौघांत फक्त अंत्यविधी किंवा स्मृतिदिनालाच वाजवतात, सराव घरात बंद दाराआड करतात. कुणी पार्टीत फर्माइश केली तरी नम्रपणे नाही म्हणा, हा मान राखलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

किती ट्यून्स लागतात? हिशेब सोपा आहे. साधी दोन पार्टची, म्हणजे दोन भागांची, फोर-फोर मार्च (बारमध्ये चार ठोके) घ्या, प्रत्येक पार्ट आठ बारचा आणि दोनदा वाजतो, म्हणजे ३२ बार, १२८ ठोके. चालण्याच्या लयीत मिनिटाला ८५ च्या आसपास ठोके पडतात, म्हणजे एक ट्यून साधारण दीड मिनिट. बारा ट्यून्स म्हणजे १८ मिनिटं. आणि नव्या माणसाचे ओठ सलग १५-२० मिनिटांच्या पुढे साथ देत नाहीत, हवा कडेने सुटायला लागते. म्हणजे पहिल्या वर्षी बारा पक्क्या ट्यून्स असतील तर बहुतेक सगळे प्रसंग निभावतात, मध्ये विश्रांती घेऊन त्याच परत वाजवता येतात. चाळीस अर्धवट ट्यून्सवाल्यापेक्षा बारा पक्क्यावाल्याला लोक परत बोलावतात हे मी इथे बघत आलोय.

या बारा सुट्या शिकू नका, सेट करून शिका, म्हणजे एकाच तालातल्या दोन-तीन एकापाठोपाठ. थ्री-फोरचा सगळ्यांना माहीत असलेला सेट म्हणजे ‘ग्रीन हिल्स ऑफ टिरोल’ आणि लगेच ‘व्हेन द बॅटल्स ओव्हर’. फोर-फोरमध्ये ‘स्कॉटलंड द ब्रेव्ह’ आणि ‘रोवन ट्री’. एक सिक्स-एटचा सेट, एक टू-फोरचा (‘बॅरन रॉक्स ऑफ एडन’ इथे छान बसते), आणि दोन-तीन स्लो एअर, म्हणजे संथ धुना. असं केलं की डोक्यात बारा नाही तर पाच-सहाच नावं ठेवावी लागतात, पहिली सुरू केली की दुसरी बोटांत आपोआप येते.

आता निवडताना आपल्या लोकांना एक फायदा आहे तो सांगतो. चँटरवर स्वर नऊच, लो जी, लो ए, बी, सी, डी, ई, एफ, हाय जी, हाय ए. कागदावर सी आणि एफ साधे लिहितात पण वाजतात शार्प. लो ए ला सा धरा, ड्रोनसुद्धा तोच सा देतात, दोन टेनर एक सप्तक खाली आणि बेस दोन सप्तकं खाली, मग बाकीचे स्वर काय निघतात बघा: शुद्ध रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, शुद्ध ध, कोमल नी, तार सा, आणि खाली मंद्रातला कोमल नी. म्हणजे सरळ खमाज थाट! काही ट्यून्समध्ये सा डी वर सरकतो, मग खालचा लो ए मंद्र पंचम होतो आणि वरचा हाय ए मध्य सप्तकातला पंचम. ‘अमेझिंग ग्रेस’ अशी आहे, आणि तिचे स्वर सा रे ग प ध एवढेच, म्हणजे भूपाचे. रॉयल स्कॉट्स ड्रॅगून गार्ड्सच्या बँडने १९७२ मध्ये तीच वाजवून ब्रिटनच्या चार्टवर पहिला नंबर मिळवला होता. तर कुठलीही नवीन ट्यून हातात घेतली की आधी ठरवा सा कुठे आहे आणि तिला सरगममध्ये गाऊन बघा, लहानपणी चार दिवस पेटीच्या क्लासला गेला असाल तरी पुरे, निम्मी पाठ तिथेच होते.

हाच हिशेब आपली गाणी पाइपवर बसवताना. तीव्र मध्यम, कोमल गंधार, कोमल धैवत लागणारं गाणं घेऊ नका, आणि गाण्याचा पल्ला नऊ स्वरांच्या बाहेर जात असेल तर त्याची मोडतोड करून बसवू नका, ऐकणाऱ्याला गाणं ओळखू येत नाही आणि आपल्यालाही धड पाठ होत नाही. ‘कदम कदम बढाये जा’ सारखी कूच करायची गाणी आपल्या सैन्याचे बँड वाजवतात ती नीट ऐका, काय बसतं याचा अंदाज येईल. आणि पेटीबरोबर वाजवायचं असेल तर आधीच सांगून ठेवतो, कागदावर ‘ए’ लिहिलेला स्वर प्रत्यक्षात काळी पाचच्याही थोडा वर वाजतो, साधारण ४७५ ते ४८० हर्ट्झला, त्यामुळे हार्मोनियम जुळणार नाही. कीबोर्ड असेल तर तो चढवून घ्यावा लागतो.

आता पाठ करण्याचं मुख्य काम. हायलंड्समध्ये हे वाद्य शेकडो वर्षं कागदाशिवाय शिकवलं गेलं. स्काय बेटावर डनव्हेगनच्या मॅक्लाउड घराण्याकडे पिढीजात पाइपर असलेले मॅक्रिमन गाऊन शिकवायचे. त्या गाण्याच्या पद्धतीला गेलिकमध्ये काउंतराख्क म्हणतात, हिहारिन, होद्रोहो, हिरिरिन अशी अक्षरं, आणि प्रत्येक अक्षरात स्वर पण आहे आणि त्यावरची ग्रेसनोटची (मुख्य स्वराआधी क्षणभर लागणाऱ्या बारीक स्वराची) हालचाल पण आहे, आपल्या तबल्याच्या बोलांसारखंच. कॉलिन कॅम्पबेलच्या १७९७ च्या हस्तलिखितात अख्ख्या ट्यून्स नुसत्या अशा अक्षरांत लिहिलेल्या आहेत, पाश्चात्य नोटेशनच्या पाच रेघा कुठेच नाहीत. तुम्हाला ती अक्षरं शिकायलाच हवीत असं नाही, पण पद्धत घ्या: जी ट्यून तोंडाने अलंकारासकट गाता येत नाही ती बोटांवर घेऊच नका. आधी चांगल्या पाइपरचं रेकॉर्डिंग दिवसभर कानावर पडू द्या, बसमध्ये, भांडी घासताना, मग सोबत गा, मग एकटे गा, आणि मग चँटर उचला. लोक नेमकं उलटं करतात, पहिल्या दिवसापासून कागद समोर, आणि मग डोळ्यांना पाठ होतं, कानाला नाही, आणि कागद काढला की सगळंच जातं.

गाता यायला लागली की ट्यूनचा नकाशा काढा. उदाहरणाला ‘स्कॉटलंड द ब्रेव्ह’ घ्या. पहिल्या पार्टमध्ये आठ बार, दोन-दोन बारचे चार तुकडे. पहिला आणि तिसरा तुकडा एकच, दुसरा आणि चौथा सारखे सुरू होतात पण शेवट वेगळा. दुसऱ्या पार्टचे पहिले चार बार नवीन, वरच्या स्वरांत जाणारे, आणि उरलेले चार म्हणजे पहिल्या पार्टचाच दुसरा अर्धा. म्हणजे लिहिलेले १६, वाजतात ३२, आणि खरोखर नवीन पाठ करायचे साधारण १०. बहुतेक मार्च अशाच असतात, चार पार्टच्या मोठ्या असल्या तरी प्रत्येक पार्टचे शेवटचे दोन बार जवळपास सारखेच सापडतात. कागदावर रंगीत पेन्सिलीने सारखे तुकडे सारख्या रंगात रंगवा, पाच मिनिटांचं काम आहे, आणि मग रंगांचा क्रम पाठ करा.

आणि आता धोका कुठे आहे बघा. विसरतो ते मधल्या अवघड बारमध्ये क्वचितच, तिथे आपण घासून सराव केलेला असतो. गोंधळ होतो तो फाट्यावर, म्हणजे जिथे दोन तुकडे सारखे सुरू होऊन वेगळीकडे जातात, चौथ्या बारऐवजी आठवा वाजतो आणि आपण पार्ट संपवून मोकळे, बाकीचा बँड अजून मध्येच. म्हणून फाटे वेगळे काढून घोटायचे, तीन-चार आणि सात-आठ हे बार आलटून पालटून, पुन्हा पुन्हा, आणि वाजवताना मनात म्हणायचं ‘हा परत जाणारा’, ‘हा संपवणारा’. दुसरी जागा म्हणजे प्रत्येक पार्टचा पहिला बार. तिसरा पार्ट कसा सुरू होतो तेवढंच आठवत नाही, पहिले तीन स्वर कुणी सांगितले की पुढचं सगळं धडाधड येतं. यासाठी खिशात मावेल असं कार्ड बनवा, त्यावर ट्यूनचं नाव आणि प्रत्येक पार्टचा फक्त पहिला बार, बाकी काही नाही. मी माझी कार्डं स्पोरनमध्येच ठेवतो, किल्टवर पुढे बांधलेल्या त्या पाउचमध्ये. तिसरी जागा सेटमधला सांधा, पहिल्या ट्यूनचा शेवटचा बार आणि दुसरीचा पहिला, हे दोन बार एक वेगळी छोटी ट्यून समजून वाजवा. ‘ग्रीन हिल्स’ वरून ‘बॅटल्स ओव्हर’ वर जाताना नवीन मुलं हमखास अडखळतात, दोन्ही ट्यून्स येत असूनसुद्धा, कारण तो सांधा कधी घोटलेलाच नसतो.

ग्रेसनोट नंतर घालू असं करू नका. या वाद्यावर एकच स्वर लागोपाठ दोनदा वाजवायचा तर मध्ये ग्रेसनोट घातल्याशिवाय तो दोनदा ऐकूच येत नाही, आवाज सलग आहे ना, कमी-जास्त पण करता येत नाही, सगळा ठसका या बारीक हालचालींतूनच येतो. बोटांनी एकदा नागडी चाल पाठ केली की नंतर घातलेले अलंकार उपरे राहतात आणि टेन्शन आलं की पहिले तेच गळतात. त्यामुळे पहिल्या दिवसापासून सगळ्यासकट पण अतिशय हळू, मेट्रोनोमवर, दोन बार एका वेळी. मी तर शेवटच्या तुकड्यापासून उलटं मागे येतो, सातवा-आठवा बार आधी, मग पाचपासून, मग तीनपासून, म्हणजे वाजवताना नेहमी अनोळखीकडून ओळखीच्याकडे जाणं होतं आणि शेवट सगळ्यात मजबूत राहतो, जो लोकांच्या लक्षात राहतो.

मग रोजचा सराव. वहीत तीन रकाने करा, पक्क्या, ढिल्या, नवीन. नवीन एका वेळी एकच, फार तर दोन. ढिल्या रोज. पक्क्यांच्या चिठ्ठ्या करून डब्यात ठेवा आणि रोज दोन काढा, जी येईल ती कागद न बघता, तयारी न करता, पहिल्या फटक्यात वाजवायची. अडकलात तर लगेच कागदाकडे धावू नका, अर्धा मिनिट आठवायचा प्रयत्न करा, गाऊन बघा, मग बघा. हा आठवायचा त्रास हाच खरा सराव आहे, कागद बघून दहा वेळा वाजवण्यापेक्षा न बघता दोनदा वाजवणं जास्त टिकतं. अडकलेली चिठ्ठी ढिल्यांत टाका, त्यात लाज नाही, ट्यून्स वर-खाली होतच राहतात.

चँटरवर पाठ आहे म्हणजे पाइपवर पाठ आहे असं मात्र अजिबात नाही. मोठ्या पाइपवर फुंकायचं, बॅग दाबायची, ड्रोन कुठे सरकतायत ते ऐकायचं, यातच निम्मं डोकं खर्च होतं आणि उरलेल्या निम्म्यात ट्यून बसली पाहिजे. म्हणून पायऱ्या करा: बसून चँटरवर, मग पायाने ताल देत, मग वाद्य न घेता नुसतं गात चालत (डावा पाय पहिल्या ठोक्याला), मग उभं राहून पाइपवर, मग चालत पाइपवर, वळणं घेत. मध्येमध्ये मुद्दाम व्यत्यय आणा, टीव्ही लावा, घरातल्यांना शेजारी बोलायला सांगा. आणि खरी परीक्षा म्हणजे दुसऱ्याने ‘तिसरा पार्ट!’ म्हटलं की तिथूनच सुरू करता येणं. ज्याला फक्त पहिल्यापासूनच सुरू करता येतं त्याला एकदा सुटल्यावर परत चढता येत नाही.

पाइपचा आवाज बंद खोलीत १०० डेसिबलच्या वर जातो, इयरप्लग घालाच, आणि पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये हे जमणार नाही, टेकडी, मैदान, शाळेचा हॉल सुट्टीच्या दिवशी, असं काहीतरी बघा. शोभेचा स्वस्त चँटर घेऊन शिकू नका, तो बेसूर असला की कान चुकीचं पाठ करतो आणि ते पुसायला फार वेळ जातो. साधा प्लॅस्टिकचा पण सुरात असलेला चालेल.

ज्यांना स्पर्धेत उतरायचंय त्यांच्यासाठी थोडं. सोलो स्पर्धेत वरच्या लेव्हलला तुम्ही ट्यून्सची यादी देता आणि जज त्यातली निवडतो, म्हणजे यादीतल्या सगळ्याच सारख्या तयार लागतात, आवडती एकच घोटून भागत नाही. मार्च आणि मग स्ट्रॅथस्पे आणि रील हे दोन नाचाच्या तालातले प्रकार एकापाठोपाठ वाजवायचे असतात, तिथे सांधे आणखी अवघड कारण लय बदलते. पीब्रॉखचं, म्हणजे बॅगपाइपच्या जुन्या शास्त्रीय संगीताचं, वेगळं आहे, एकेक रचना दहा-पंधरा मिनिटांच्या वर जाते आणि ऐकून घाबरायला होतं, पण तिचा पाया म्हणजे उरलार, ती सुरुवातीची संथ धून, आणि पुढची टाओरलुआ, क्रुनलुआ ही सगळी व्हेरिएशन्स त्याच धुनीच्या मुख्य स्वरांवर उभी असतात. उरलारचे मुख्य स्वर ओळीने गाता आले की पुढचं बरंचसं आपलं आपण उलगडतं. त्यामुळे वेळ उरलारवरच घालवा, बोटांच्या कसरतीवर नंतर.

कार्यक्रमाच्या दिवशी अर्धा तास आधी पोचा आणि जिथे वाजवायचं तिथल्याच हवेत पाइप गरम करा, रीड, म्हणजे आतली आवाज देणारी पाती, थंडीत आणि उन्हात वेगळी वागते, दहा मिनिटं वाजवल्याशिवाय सूर स्थिर होत नाही. पहिला सेट सगळ्यात पक्का आणि चालता ठेवा. स्लो एअरने सुरुवात करू नका, लांब स्वरांत बॅगचा प्रेशर जरा हलला तरी कळतं आणि सुरुवातीला हात थोडे कापतातच. दोन सेटच्या मध्ये ओठांना विश्रांती म्हणून ट्यूनबद्दल दोन वाक्यं बोला, ती पण पाठ ठेवा. ‘ग्रीन हिल्स’ची चाल क्रिमियन युद्धाच्या काळात एका स्कॉटिश पाइप मेजरने (बँडच्या मुख्य पाइपरने) परक्या लष्करी बँडकडून ऐकून पाइपवर आणली असं सांगतात, आणि तिचं मूळ रॉसिनीच्या ऑपेरात आहे. ‘हायलंड कथीड्रल’ लोकांना शेकडो वर्षं जुनी वाटते, प्रत्यक्षात ती १९८२ ची, दोन जर्मन संगीतकारांची. लोकांना हे ऐकायला आवडतं आणि तुम्हाला तेवढ्यात पुढच्या सेटचा पहिला बार मनात गाऊन घेता येतो.

बँडमध्ये असाल तर ‘क्विक मार्च’ची ऑर्डर आली की ड्रमचे दोन रोल, दुसऱ्या रोलवर बॅगवर थाप, ड्रोन लागतात, मग ई चा स्वर आणि ट्यून. या सुरुवातीचा सराव नुसत्या ट्यूनपेक्षा जास्त करा, पाइप मेजरने सेटचं नाव घेतल्यापासून ई वाजेपर्यंत थोडेच सेकंद असतात आणि त्यात पहिला बार डोक्यात आलेला हवा, नाव ऐकल्याबरोबर मनात गुणगुणायला लागा.

आणि सुटलंच तर? फुंकणं आणि दाब सोडू नका, बोटं हलती ठेवा. एकटे असाल तर त्या पार्टचा शेवटचा दोन बारचा तुकडा गाठा, तो बहुतेक सगळ्या पार्टना जवळपास सारखा असतो आणि म्हणूनच सगळ्यात पक्का असतो, तिथून पुढच्या पार्टच्या पहिल्या बारवर जा, दहातल्या नऊ श्रोत्यांना काही कळत नाही. बँडमध्ये असाल तर शेजारच्याच्या बोटांकडे बघा आणि पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला चढा, मध्येच घुसायचा प्रयत्न करू नका. घरी आल्यावर पाइप पुसून वाळवायच्या आधी वहीत लिहा, कुठली ट्यून, कुठला पार्ट, कुठला बार, आणि ती चिठ्ठी ढिल्यांच्या रकान्यात.

पुढे महिन्याला एक नवीन ट्यून खूप झाली. प्रत्येक नव्या ट्यूनला आधी विचारा की ती कुठल्या प्रसंगाला आणि कुठल्या सेटमध्ये बसते, जागा नसेल तर घरी स्वतःसाठी वाजवा, यादीत घेऊ नका.